विल्फ रेबोल्डचा पहिला घोट

विल्फ रेबोल्डचं सगळं आयुष्य पास-नापास करण्यात गेलं. इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथच्या साखळीच्या कारखान्यात तो पोरवयात लागला आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तिथेच राहिला, त्यातली बहुतेक वर्षं चाचणी विभागात. जहाजाच्या नांगराची साखळी यंत्रात अडकवायची, ताणायची आणि तुटली नाही तर तिच्यावर शिक्का मारायचा. या कामाला फार डोकं लागत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. साखळी तुटली की ते आंधळ्यालाही कळतं, फक्त त्याने लांब उभं राहावं. पण त्या शिक्क्यामुळे गल्लीत त्याचं नाव झालं. जुनी सायकल घ्यायची असली, शिडी मजबूत आहे का बघायचं असलं, की लोक विल्फला हाक मारत. विल्फ वस्तूकडे बराच वेळ बघे आणि मग मान हलवे. उभी हलली तर वस्तू घरात येई, आडवी हलली तर परत जाई. सायकलीतलं त्याला काही कळतं का, हे कुणी विचारलं नाही.

कोपऱ्यावरचा ‘अँकर’ पब चालवणारा रेज बिसेल एका मंगळवारी तळघराच्या पायऱ्या चढताना छातीत कळ येऊन गेला. अंत्यविधीनंतर चहा आणि हॅमचे पाव चालू असताना त्याची बायको थेल्मा विल्फशेजारी येऊन बसली.

“विल्फ, बाळा, तू चाचणीत होतास ना?” थेल्मा सगळ्यांनाच बाळा म्हणायची. पाळकालाही.

“साखळीच्या,” विल्फ म्हणाला.

“मग झालं तर. चाचणी ती चाचणी. उद्यापासून पहिला घोट तुझा.”

तिची अडचण खरी होती. ‘अँकर’मधली माइल्ड, म्हणजे इथल्या लोकांची काळसर, गोडसर बिअर, भट्टीवरून लाकडी पिंपात येते ती जिवंत. पिंपात तिचं काम चालूच असतं. तळघरात तिला निवांत निजवायची, वरची खुंटी सैल करून तिचा श्वास मोकळा करायचा, निवळली की तोटी ठोकायची. हे सगळं थेल्माला येत होतं. रेजचा हात ती वर्षानुवर्षं बघत आली होती. पण रेज नव्या पिंपाचा पहिला घोट स्वतः घेई आणि मगच विक्री सुरू करी, आणि थेल्माने जन्मात बिअरचा थेंब तोंडात घातला नव्हता. ती चहा प्यायची आणि एका सिगारेटवर दुसरी पेटवायची. “शववाहिका चालवणारा मागे आडवा पडून बघतो का कधी?” असं ती म्हणे. शिवाय त्या सिगारेटींमुळे तिच्या नाकाचा उपयोग फक्त चष्मा टेकवायला उरला होता.

तर असा विल्फ ‘अँकर’चा परीक्षक झाला. नवं पिंप उघडलं की थेल्मा बारवरचा दांडा ओढून पहिला ग्लास भरी आणि त्याच्यासमोर ठेवी. दांड्याला लागून असलेलं टोकाचं स्टूल त्याचं. विल्फ ग्लास खिडकीकडे धरून आरपार बघे. एक घोट घेई. छताकडे बघे. दुसरा घोट घेई. मग मान हलवे, आणि तोवर हातात रिकामे ग्लास धरून ताटकळलेली मंडळी एकदम पुढे सरकत. या रिवाजाला वर्षं लोटली होती. त्या काळात विल्फने तीन पिंपं नापास केली. तीनही वेळा भट्टीवाल्यांनी पिंप परत नेलं, माफी मागितली आणि बदली पिंप दिलं. त्या तीन नकारांवर त्याची गावात साहेबी चालली होती.

“पोप निवडायला याहून कमी वेळ लागतो,” क्लेम विलेट्स दर वेळी म्हणायचा. क्लेम निवृत्त बस कंडक्टर. विल्फच्या शेजारच्या स्टुलावर बसे आणि जगात कुणालाच फार मानत नसे. पण त्यानेही मान हलण्याआधी कधी ग्लास पुढे केला नाही.

त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास विल्फला फ्लू झाला. पंधरवडाभर तो अंथरुणात होता. ताप गेला, खोकला गेला आणि जाताना दोघे मिळून त्याचं नाक घेऊन गेले. हे त्याला आधी कळलं नाही. कळलं ते बायकोच्या, आयरीनच्या, ओरडण्याने. तो स्वयंपाकघरात शर्यतींचं पान वाचत बसला होता आणि हातभर अंतरावर दुधाचं पातेलं काळं पडून धुमसत होतं.

“अरे, दूध जळून कोळसा झालं आणि तू घोडे कसले निवडतोयस?”

“मला वास नाही आला.”

“वास नाही आला? पलीकडची मिसेस टॉय बादली घेऊन आली, विल्फ! रस्ता ओलांडून!”

ती बाहेर गेल्यावर विल्फने पद्धतशीर तपासणी केली. कांदा कापून हुंगला. व्हिनेगरची बाटली हुंगली. बुटाचं पॉलिश हुंगलं. स्वतःचे मोजे दोनदा हुंगले, कारण त्यांच्यावर त्याचा भरवसा होता. काहीच नाही. मग जिभेवर मीठ ठेवलं, मग साखर. वाळू आणि जरा बारीक वाळू, एवढाच फरक. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, येणारही नाही. नाकाचं काही सांगता येत नाही. आणि वजन उतरलंय हे मात्र उत्तम आहे.

“थेल्माला सांगून टाक,” आयरीन म्हणाली.

“सांगतो.”

“कधी?”

“सांगतो म्हटलं ना.”

त्याने सांगितलं नाही. कारखाना बंद झाल्यापासून विल्फला कुणी काही विचारत नव्हतं. मुलगी रविवारी फोन करी ती आईशी बोलायला. त्याने उचलला तर “हॅलो बाबा, आई आहे का?” एवढंच. कुत्रा आयरीनचं ऐके. जुन्या सायकलीही आता कुणी घेत नव्हतं, सगळे नव्या घेत. पण आठवड्यातून दोनदा, दुपारी बाराच्या आसपास, दहा-बारा मोठी माणसं श्वास रोखून त्याच्या मानेकडे बघत उभी राहत. हे त्याला सोडवेना. नाक गेलं हे कळलं की स्टूल गेलं, स्टुलाबरोबर ती दहा-बारा माणसं गेली, आणि मग तो दुपारी बाराला घरी बसून कुत्र्याकडे बघणार.

त्याने हिशेब केला की पिंप बिघडतं ते चार-दोन वर्षांतून एखादं. बाकी सगळी चांगलीच असतात. मान उभी हलवत राहिलं तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा आपण बरोबरच असणार. एवढी खात्री त्याला साखळीच्या बाबतीतही कधी नव्हती.

त्यामुळे तो हलवत राहिला. चव लागत नसल्याने त्याला अभिनय वाढवावा लागला. छताकडे बघणं लांबलं. दुसऱ्या घोटानंतर तिसरा आला. एकदा तर त्याने डोळे मिटले. “हल्ली विल्फ फारच खोलात जातो,” लोक म्हणू लागले. क्लेमने आपल्या वाक्यातल्या एका पोपचे दोन पोप केले. मे गेला, जून गेला, पिंपामागून पिंप चांगलं निघालं आणि विल्फला हळूहळू वाटायला लागलं, की नाक या कामाला खरं तर लागतच नसावं.

ऑगस्टमध्ये उकाड्याची लाट आली. तळघराच्या भिंतींना ओल्या गोणपाटांनी झाकून थेल्माने पिंपांना जपलं. पण एक पिंप आलं होतं तेच आतून बिघडून. दिसायला मात्र नितळ. विल्फने ग्लास खिडकीकडे धरला तेव्हा काळ्या माणकासारखी लाली त्यातून आरपार आली. त्याने घोट घेतला, छताकडे बघितलं, डोळे मिटले आणि मान हलवली. उभी.

थेल्माने ग्लास भरायला घेतले. पहिला क्लेमचा. क्लेमने नेहमीसारखा मोठा घोट घेतला आणि तो गिळायचा की नाही यावर त्याच्या चेहऱ्यात मतभेद झाले.

“काय झालं, बाळा?” थेल्माने विचारलं.

क्लेमने विल्फकडे पाहिलं. विल्फ आपला ग्लास शांतपणे संपवत होता. क्लेमने गेल्याच आठवड्यात नवी कवळी बसवली होती. त्याने मनातल्या मनात कवळीला शिवी दिली आणि गिळलं.

“कुठे काय? छान आहे. जरा... जिवंत आहे आज.”

“जिवंत,” विल्फ जाणकारासारखा म्हणाला.

दुसरा ग्लास गुरदेवचा. गुरदेव सिंग जालंधरहून आला तेव्हापासून गल्लीच्या टोकाच्या ओतशाळेत होता आणि तेव्हापासूनच ‘अँकर’चा. बायकोने डब्यात दिलेलं लिंबाचं लोणचं त्याने आत्ताच खाल्लं होतं. त्याने घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बायकोचं लोणचं या खेपेला जास्तच मुरलंय असं त्याने ठरवलं. “पक्की आहे,” तो म्हणाला.

मग कुणी म्हणालं अंगात भरलेली आहे. कुणी म्हणालं उकाड्यात अशीच हवी, जरा धार असलेली. शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांच्या कबुतर मंडळाचा चिटणीस म्हणाला, त्याच्या आजोबांच्या वेळी माइल्ड अशीच असायची. आजोबा तरुणपणीच गेले होते, हे कुणाला आठवलं नाही. ग्लास परत करून “थेल्मा, ही आंबली आहे” म्हणायला एका माणसाचं तोंड पुरे होतं. पण विल्फने मान हलवली होती. तिच्याविरुद्ध बोलायचं, म्हणजे उरलेलं आयुष्य बिअरमधलं काही न कळणारा म्हणून काढायचं. शिवाय इथल्या माणसाचा हात दारात चिमटला तरी तो आधी दाराची माफी मागतो. म्हणून सगळ्यांनी ग्लास संपवले, आणि रिवाजाप्रमाणे ज्याची पाळी होती त्याने सगळ्यांसाठी पुढचे मागवले. पाळी चुकवणं हे आंबट बिअर पिण्यापेक्षा वाईट.

ते पिंप तीन दिवस चाललं. त्या तीन दिवसांत बारवरच्या बरणीतली व्हिनेगरमधली अंडी संपली. रेज गेल्यापासून ती बरणी कधी तळाला गेली नव्हती. अंड्याचा घास घेतला की मागून येणाऱ्या बिअरचं तोंडाला नवल वाटत नाही, हा शोध प्रत्येकाने आपापला लावला आणि कुणालाच सांगितला नाही. थेल्माला अंड्यांचा हा खप बघून भरून आलं. तिने दुसरी बरणी घातली.

विल्फ रोज तीन ग्लास प्याला, शांतपणे, कपाळावर आठी न आणता. बाकीच्यांना हाच मोठा पुरावा वाटला. घरी मात्र तो पोट धरून फिरत होता.

“काय खाल्लंस?” आयरीनने विचारलं.

“काही नाही.”

“मग ढेकर कसले देतोयस? कुत्रा घाबरून माझ्या पलंगाखाली गेला.”

तिसऱ्या दिवशी दुपारी एक अनोळखी बाई आली. पन्नाशीची, जाडजूड, डोक्यावर फुलांची हॅट. स्टोकहून भाचीच्या मुलाच्या बारशाला निघाली होती, चॅपलचा रस्ता चुकली होती आणि भूक लागली होती. तिने चीज-कांद्याचा पाव मागितला आणि सोबत अर्धा ग्लास माइल्ड. एक घोट घेतला. मग ग्लास बारवर ठेवला, जरासा जोरातच.

“बाई,” ती थेल्माला म्हणाली, “हे तर व्हिनेगर आहे.”

डॉमिनोच्या सोंगट्यांचा आवाज थांबला. ‘अँकर’मध्ये एवढी शांतता रेजच्या अंत्यविधीलाही नव्हती.

“अगं बाळा, ते शक्य नाही,” थेल्मा म्हणाली. “विल्फने पास केलंय.”

“विल्फ कोण? जिवंत आहे का तो?”

सगळ्यांनी स्टुलाकडे पाहिलं. बाईनेही पाहिलं. विल्फच्या हातात त्या दिवसाचा दुसरा ग्लास होता, अर्धा संपलेला.

“अरे देवा,” बाई म्हणाली. “तुम्ही सगळे हेच पिताय? कधीपासून?”

गुरदेव आपल्या बुटाकडे बघू लागला. बाईने पाव रुमालात गुंडाळला, ग्लास दोन बोटांनी थेल्माकडे सरकवला आणि चॅपल कुठे ते विचारलं. चारजणांनी एकदम रस्ता सांगितला, चार वेगळे. ती गेली.

“आता तिने विषय काढलाच आहे,” क्लेम हळूच म्हणाला, “तर मला पहिल्या दिवसापासून...”

“मलाही.”

“मला वाटलं लोणचं.”

“मला वाटलं हवा.”

थेल्मा बारमागच्या खुर्चीवर बसली. “तीन दिवस,” ती म्हणाली. “तीन दिवस मी तुम्हाला व्हिनेगर पाजलं. आणि तुम्ही अंडी खात होता.” तिने भांडी पुसायच्या फडक्याने डोळे पुसले. “रेज असता तर तळघरातून काठी घेऊन वर आला असता. मला हा धंदा जमत नाही. भट्टीवाल्यांना मी उद्या सांगते, की पब तुमचा आहे, चालवायला दुसरा कुणी बघा.”

विल्फ उठून उभा राहिला. ‘अँकर’मध्ये तो उभा राहून कधी बोलला नव्हता.

“थेल्मा, चूक तुझी नाही. मला ईस्टरपासून वास येत नाही. चवही लागत नाही. मी गेले चार महिने नुसता डोळ्यांनी बघून मान हलवतोय.”

मग क्लेमने टोपी काढली. क्लेम टोपी फक्त राष्ट्रगीताला काढायचा.

“देवमाणूस आहेस, विल्फ,” तो म्हणाला.

“काय?”

“कळलं मला. कळलं सगळ्यांना. पहिल्याच घोटाला तुला समजलं होतं, पण बिचारीचं पिंप वाया जाऊ नये म्हणून तू गिळलंस. आणि आता वर तिची लाज राखायला नाकाचं सोंग घेतोयस.”

“सोंग नाही रे, खरंच...”

“पुरे, पुरे. मीसुद्धा तेच केलं. थेल्मासाठीच प्यायलो.”

“मीही,” गुरदेव लगेच म्हणाला.

असं कळलं की सगळेच थेल्मासाठी प्याले होते. कवळी, लोणचं आणि हवा कुणाच्याच आठवणीत राहिली नाही. थेल्मा एकाच वेळी रडत होती आणि शिव्या देत होती. तुम्हाला मी काय विधवाश्रम वाटले का, असं म्हणत तिने सगळ्यांना डुकराच्या कुरकुरीत कातडीची एकेक पुडी फुकट दिली, आणि विल्फला दोन.

“मोजे हुंगले मी!” विल्फ ओरडला. “माझे स्वतःचे मोजे! काही नाही आलं!”

“किती साधा माणूस,” कबुतर मंडळाचा चिटणीस म्हणाला.

संध्याकाळी आयरीनने विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं. विश्वास नाही बसला.”

“कुणाचा?”

“कुणाचाच. थेल्माने मला मिठी मारली.”

आयरीनने हातातली सुई थांबवली. “लग्नाआधी तू नौदलात होतास म्हणून सांगितलंस, त्यावर माझ्या आईचा विश्वास लगेच बसला. आणि आयुष्यात एक खरी गोष्ट सांगायची वेळ आली तर तीही जमू नये?”

खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं होतं. त्याने कबुली दिली होती. ती कुणी घेतली नाही, यात त्याचा काय दोष? स्टूल राहिलं होतं, उलट मान पूर्वीपेक्षा वजनदार झाली होती. रस्त्यात लोक थांबून हात मिळवत होते. बादलीवाल्या मिसेस टॉयने त्याला केक पाठवला. तो केक त्याने खाल्ला, आणि तो कशाचा आहे हे आयरीनला विचारावं लागलं.

पण शनिवार जवळ येत होता. शनिवारी कबुतर मंडळाचं वार्षिक बक्षिसांचं जेवण होतं. थेल्मा तीन दिवस आधीपासून कलेजीच्या खिम्याचे गोळे, म्हणजे इथले फॅगट, आणि वाटाणे यांची तयारी करत होती. साठ माणसं येणार होती, आणि भट्टीवाल्यांनी माफी म्हणून नवं, मोठं पिंप पाठवलं होतं. एकच. उकाडा तसाच होता. ते पिंपही बिघडलेलं निघालं आणि विल्फने ते पास केलं, तर साठ माणसं ते पिणार होती, आणि या खेपेला बारशाचा रस्ता चुकलेली कुणी बाई येणार नव्हती. ‘अँकर’वर दुसऱ्यांदा असा प्रसंग आला तर थेल्मा खरंच चाव्या देऊन टाकेल, हे विल्फला पक्कं ठाऊक होतं. मग परीक्षक असून काय करायचं, पबच नसला तर?

शुक्रवारभर तो बागेतल्या बाकावर बसून विचार करत होता. साखळीच्या यंत्रासमोर त्याने जेवढा केला नव्हता तेवढा. मान उभी हलवली आणि पिंप चांगलं असलं, तर ठीक. वाईट असलं तर साठ माणसं आणि थेल्मा. मान आडवी हलवली आणि पिंप वाईट असलं, तर तो पुन्हा थोर. आडवी हलवली आणि पिंप चांगलं असलं, तर... तर त्याचं स्टूल गेलं. पण व्हिनेगर कुणालाच प्यावं लागणार नाही. कशाही बाजूने बघितलं तरी शनिवारी मान आडवीच हलायला हवी होती. एवढं पक्कं झाल्यावर तो उठून घरात गेला आणि जेवला, काय होतं कुणास ठाऊक.

शनिवारी ‘अँकर’ खचाखच भरलं होतं. चिटणिसाने गळ्यात मंडळाचं पदक घातलं होतं. आतल्या खोलीतून फॅगटचा वास येत असल्याचं सगळे म्हणत होते. थेल्माने दांडा ओढला. ग्लास भरला, फेस बसू दिला, पुन्हा भरला आणि विल्फसमोर ठेवला.

विल्फने तो खिडकीकडे धरला. नितळ होती. त्याने घोट घेतला. थंड काहीतरी घशातून खाली गेलं. त्याने छताकडे पाहिलं. साठ माणसं त्याच्या मानेकडे बघत होती, आणि विल्फने त्या सगळ्यांकडे एकवार नीट बघून घेतलं. मग मान हलवली. आडवी.

“नाही!” चिटणीस ओरडला.

“नाही,” विल्फ म्हणाला. “ही चालणार नाही.”

थेल्माचा चेहरा पांढरा पडला. “पुन्हा?” एवढंच ती म्हणाली. मग तिने दांड्यावरची चकती उलटी केली, म्हणजे आज ही मिळणार नाही. साठ माणसांतून एक लांबलचक कण्हणं निघालं. कुणीतरी म्हणालं बाटलीतली आणा, आणि त्याच्याकडे बाकीच्यांनी असं बघितलं, की तो कोट घालायला लागला.

“बघू तरी,” क्लेम म्हणाला, “या खेपेचं व्हिनेगर कसं आहे ते.” त्याने विल्फचा ग्लास उचलला आणि तोंड वाकडं करून तयारीने घोट घेतला.

त्याचं तोंड हळूहळू सरळ झालं. त्याने दुसरा घोट घेतला. मग तिसरा, डोळे मिटून.

“गुरदेव,” तो म्हणाला, “ये इकडे. आज लोणचं खाल्लंस का?”

“नाही. उपाशी आहे.”

“मग पी.”

गुरदेव प्याला. त्याने ग्लास चिटणिसाला दिला. चिटणिसाने पुढे दिला. ग्लास हातोहात खोलीभर फिरला आणि रिकामा होऊन परत बारवर आला. बऱ्याच जणांनी ओठांवरून जीभ फिरवली.

“माझ्या आयुष्यात,” चिटणीस घोगऱ्या आवाजात म्हणाला, “इतकी चांगली माइल्ड मी प्यालो नाही.”

सगळे विल्फकडे वळले. आता त्यांच्या बघण्यात भीती होती.

“विल्फ, बाळा,” थेल्मा हळूच म्हणाली, “खरंच तुला वास येत नाही का रे?”

“मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस,” क्लेम चिडून म्हणाला. “पण नुसतं सांगतात का असं? वाईट बिअर चांगली म्हणणारा माणूस दयाळू असू शकतो. पण चांगल्या बिअरला वाईट म्हणणारा माणूस, लेका, आजारीच असतो! आधी असं काहीतरी करून दाखवायचंस ना!”

“मोज्यांचं सांगितलं मी.”

“मोज्यांचं काय घेऊन बसलास!”

थेल्माने चकती पुन्हा सरळ केली आणि भराभर ग्लास भरायला लागली. पुढचा परीक्षक कोण, यावर फॅगट येईपर्यंत वाद चालला. जो कुणी पुढे होई त्याला दुसरा आठवण करून देई, की तू तर तीन दिवस अंडी खात होतास. शेवटी गुरदेवने आपल्या बायकोचं नाव सुचवलं. ती दारू शिवत नाही, पण कुठल्याही माणसाच्या तोंडाचा वास घेऊन तो काय, किती आणि कुणाच्या पैशाने प्याला हे अचूक सांगते. या सूचनेवर बराच गंभीर विचार झाला आणि मग कुणाच्याच हिताची नाही म्हणून ती बारगळली. थेल्माने जाहीर केलं, की तूर्तास तीन जणांनी प्यायचं आणि तिघांनी एकमेकांकडे न बघता कागदावर लिहून द्यायचं.

टोकाचं स्टूल रिकामं झालं होतं. विल्फने स्वतःच ते सोडलं. मध्ये उभं राहायला नको म्हणून तो भिंतीकडच्या लांब बाकावर कबुतरवाल्यांच्या दाटीत जाऊन बसला. थेल्माने त्याच्यापुढे फॅगटची बशी आणि भरलेला ग्लास आणून ठेवला आणि त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून निघून गेली.

शेजारी नेदरटनहून आलेला एक कबुतरवाला होता. तो उशिरा आला होता आणि यातलं काही त्याला माहीत नव्हतं. हातातला ग्लास अजून तोंडाला न लावता त्याने विल्फकडे पाहिलं.

“काय हो, कशी आहे आजची?”

आसपासची दहा-बारा माणसं जेवायची थांबली. क्लेमने काटा हवेतच धरला.

विल्फने घोट घेतला. छताकडे बघितलं नाही.

“ओली आहे,” तो म्हणाला आणि वाटाणे जवळ ओढले.